डावीकडून तिसरा फ्यूज

शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५. वसुबारस. दूध एक लिटर. संध्याकाळी नारळ पाच, पणत्या दोन डझन, पातळ पोहे दोन किलो आणले. सर्व डिकीत ठेवले. परतताना चौकात पोलिसाने थांबवले. गाडीचे मागचे दिवे बंद होते. वयाकडे पाहून सोडले. शार्दूल वाकडहून आला व त्याने फ्यूज बदलला. कस्तुराने पोळ्या चौदा केल्या आणि फ्यूजचा रंग चुकल्याचे सांगितले.

ही नोंद शुभदाबाईंच्या डायरीतली. पिंपळे गुरवला तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात आणि दिवंगत पती हरिहररावांची गाडी स्वतः चालवतात. कस्तुरा त्यांच्याकडे पोळ्या करायला येते. त्या संध्याकाळी पोळ्या करणाऱ्या बाईनं फ्यूजच्या रंगाबद्दल मत द्यावं, याचं शार्दूलला फार आश्चर्य वाटलं. शार्दूल शुभदाबाईंचा मुलगा. तो आयटीत आहे आणि आश्चर्य वाटलं की चष्मा काढतो.

तो उडालेला लाल फ्यूज हातात घेऊन स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला होता.

"आई, झालं काम. लाल सारखा उडत असणार, म्हणून पिवळा घातलाय. आता नाही उडायचा."

कस्तुरानं तव्यावरची पोळी उलटली.

"दादा, तिथं लाल बसतो. दहा अँपचा. पिवळा वीसचा असतो."

"माहितीये हो कस्तुराताई. वीस म्हणजे जास्त स्ट्राँग."

"फ्यूजचं कामच उडायचं हाय. त्यो न्हाई उडला तर वायर जळंल. मग तुमी वायर पन ष्ट्राँग घालाल."

शार्दूलनं चष्मा काढला. शुभदाबाईंनी त्याला खाली पाठवलं आणि लाल फ्यूज घालून यायला सांगितलं. तो गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुला गं काय माहीत?"

"अकरा वर्सं तेच तर केलं, बाई," कस्तुरा म्हणाली, आणि कणकेच्या डब्याचं झाकण लावून ते ओढून पाहिलं.

चाकणच्या पुढे, भामा नदीच्या अलीकडे कस्तुराचं माहेर. वडील गेनबा कांद्याचे. म्हणजे कांदा लावणारे, कांदा साठवणारे आणि दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलायला बसले तरी अर्ध्या घटकेत कांद्यावर येणारे. त्यांच्या कांदाचाळीवरून हमरस्त्यापर्यंत पूर्वी सरळ नजर जायची. मग मध्ये कंपन्या आल्या आणि नजर पत्र्याला अडायला लागली. कस्तुरा बारावीला इंग्रजीत राहिली. गेनबा म्हणाले, "इंग्रजीनं काय कांदा सोलतोय?" आणि पुढच्या सोमवारी ती निळा एप्रन आणि जाळीची टोपी घालून हार्नेसच्या कंपनीत उभी राहिली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

हार्नेस म्हणजे गाडीच्या अंगातल्या सगळ्या वायरींचा जुडगा. माणसाच्या शिरा काढून फळीवर पसरल्या तर जसं दिसेल तसं ते दिसतं. कंपनीत माणसं जागेवर उभी असायची आणि फळ्या फिरायच्या. एक फळी कस्तुरासमोर एकशे दहा सेकंद असे. तेवढ्यात तिनं फ्यूजबॉक्सच्या अठ्ठावीस भोकांत अठ्ठावीस वायरी बसवायच्या. फळी पुढे सरकली की पुढची बाई दुसऱ्या टोकाला रबरी नळी चढवायची, तिच्या पुढची टेप गुंडाळायची. बोलायला बंदी नव्हती. वेळ नव्हता.

वायर बसवायचा नियम भिंतीवर तीन भाषांत लिहिला होता: ढकल, ऐक, ओढ. वायर ढकलायची. आत 'खट' झालेलं ऐकायचं. मग ओढून बघायचं, खरंच बसली का. एका पाळीत कस्तुरा हे काही हजार वेळा करायची. त्यामुळे घरी आल्यावर ते थांबायचं काही कारण नव्हतं. कडी लावली की ओढायची, डब्याचं झाकण लावलं की ओढायची, कुकर लावला की झाकण धरून ओढायची. लग्नात नवऱ्यानं, म्हणजे गोरक्षनं, मंगळसूत्राचा फासा अडकवला तेव्हाही तिनं मान खाली घालून तो ओढून पाहिला. सासूनं भटजींकडे पाहिलं. भटजींनी पुढचा मंत्र सुरू केला.

अकरा वर्षांत त्या कंपनीचे हार्नेस किती गाड्यांत बसले याची तिला कल्पना नव्हती. तशा गाडीत ती कधी बसलीही नव्हती. कंपनीची बस दारापर्यंत न्यायची आणि आणायची, आणि बसला दुसऱ्याच कंपनीचं वायरिंग होतं. मग लॉकडाऊन आला, गेला, आणि लाइन दुसऱ्या राज्यात हलली. सगळ्या बायकांना स्टीलचे पाच डबे आणि एक प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्रावर तिचं नाव 'कस्तुरी' असं छापलं होतं. डबे चांगले होते.

गोरक्षला चिखलीजवळ हमालीचं काम होतं, म्हणून त्यांनी चिखलीला खोली घेतली आणि कस्तुरा पोळ्यांना लागली. पोळ्या तिच्या मऊ व्हायच्या, कुणाची तक्रार नव्हती. तिचीच होती. एकदा तिनं शुभदाबाईंना सांगितलं होतं, "पोळीला खट होत न्हाई, बाई. झाली का न्हाई ते दुसऱ्यानं खाल्ल्याबिगर कळत न्हाई."

शुभदाबाईंनी ते त्या दिवशीच्या नोंदीत लिहून ठेवलं होतं.

दिवाळीत तो लाल फ्यूज पुन्हा उडाला. शार्दूलनं नवा घातला. नोव्हेंबरात आणखी एकदा उडाला. शार्दूलनं गाडी विकायचा विषय काढला. शुभदाबाईंनी त्याला लाडू दिला आणि कस्तुराला विचारलं, कुणी बरा इलेक्ट्रिशियन माहीत आहे का. कस्तुराला माहीत होता. चिखलीला, तिच्या गल्लीच्या एक सिग्नल अलीकडे आबाजींचं पत्र्याचं दुकान होतं. आबाजी पासष्टीचे. चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडत होते. त्यांच्याकडे माणूस टिकत नव्हता, कारण टेस्टर धरायला शिकला की तो कंपनीत जायचा. वर्षभर येता-जाता कस्तुरा त्या दुकानापुढे उगाच सावकाश चालत असे. आत लटकलेल्या वायरींचे रंग तिला लांबूनच ओळखू यायचे.

गाडीबद्दल विचारायला गेली तेव्हा तिनं ते एकदाचं विचारून टाकलं.

"आबाजी, मला घ्या की कामाला."

आबाजींनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मला पोळ्या लागत न्हाईत. घरनं डबा येतो."

"वायरिंगच्या कामाला म्हनते मी."

"बाईमानूस गाडीखाली जानार?"

हेच गोरक्षनं आदल्या रात्री विचारलं होतं, म्हणून उत्तर तयार होतं. "खाली न्हाई. आत."

आबाजींनी पानाची पिंक टाकायला तोंड वळवलं, तिथंच थोडा वेळ ठेवलं आणि मग परत आणलं. "कंपनीतली मानसं लई बघितली मी. एक काम येतं त्यास्नी, दुसरं न्हाई. तुज्या बाईंची गाडी मंगळवारी आन. फ्यूज का उडतो ते तू शोधायचं. मी हात लावनार न्हाई. जमलं तर कामाला ये. न्हाई जमलं तर परत इचारायचं न्हाई."

"बरं," कस्तुरा म्हणाली. घरी जाऊन तिनं तांदूळ दोनदा निवडले.

मंगळवारी, ११ नोव्हेंबरला, दुपारी शुभदाबाईंनी गाडी चिखलीला नेली. कस्तुरा शेजारी बसली होती. तिनं सीटबेल्ट लावला आणि ओढून पाहिला. दुकानात एका टेम्पोचं स्टार्टरचं काम निघालं होतं आणि त्याचा ड्रायव्हर भैरू बाकावर बसून वाट पाहत होता. त्याला अगोदरच कळलं होतं.

"ह्याच का त्या इंजिनिअर?" त्यानं विचारलं.

"तू गप रं," आबाजी म्हणाले. त्यांनी खिशातून एक लाल फ्यूज काढून कस्तुराच्या तळहातावर ठेवला. "ह्यो एकच. दुसरा मागायचा न्हाई. उडवलास तर इषय संपला."

नखाएवढा लाल प्लास्टिकचा तुकडा. असे हजारो तिच्या शेजारच्या ट्रेमध्ये पडलेले असायचे. तिनं तो पदराच्या टोकाला बांधला, गाठ ओढून पाहिली, स्टेअरिंगखालचं झाकण काढलं आणि आत डोकं घातलं.

तिच्याच लाइनीवरचा बॉक्स, सगळे फ्यूज होते तिथंच होते. लाल, निळे, पिवळे, एक हिरवा. मागच्या दिव्यांची वायर वरच्या ओळीत, डावीकडून तिसऱ्या घरात. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. गोरक्ष म्हणायचा की ती झोपेतच सांगायची. तिनं छोट्या चिमट्यानं तो फ्यूज उपसला आणि उजेडाला धरला. आतली तार अखंड होती.

"ह्यो तर उडलेलाच न्हाई," ती म्हणाली.

"मग दिवे का लागंनात?" आबाजींनी विचारलं. "अमावस्या हाय म्हनून?"

कस्तुरानं पुन्हा पाहिलं. तार धडधाकट होती. आबाजींनी खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला. काही वाजलं नाही.

"हॉर्नचा काढलास तू," ते म्हणाले.

भैरू बाकावरून उठून उभा राहिला. "लई भारी ताई! आता गाडी मागनं दिसत न्हाई आन् फुडनं ऐकू येत न्हाई."

आबाजी हसले नाहीत. खोक्यावर बसले आणि चहा सांगितला. तीन सांगितले. त्यात कस्तुराचा नव्हता हे तिनं मोजलं.

तिनं हॉर्नचा फ्यूज परत घातला. खट. ओढून पाहिला. मग ती ड्रायव्हरच्या सीटवर सरळ बसली. शुभदाबाई मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सभेत वक्ता विसरला की लोक पाहतात तसं त्या समोर पाहत होत्या.

अकरा वर्षांत कस्तुराचं घर कधी चुकलं नव्हतं. एकदाही नाही. महिन्याला भिंतीवर चुका करणाऱ्यांची यादी लागायची, तीत तिचं नाव कधी आलं नाही. मग बॉक्स बदलला म्हणावा, तर बॉक्स तोच होता. कोपऱ्यावरची खाचसुद्धा ओळखीची होती. फक्त ती खाच उजवीकडे असायची, इथं डावीकडे होती.

तिनं डोळे मिटले. समोर फळी आहे असं धरलं. डाव्या हातात वायर, उजव्या हाताचं बोट भोकावर. ढकल. हात आपोआप पुढे झाला आणि मग तिला दिसलं की त्या फळीवर फ्यूज नाहीतच. फ्यूज पलीकडे असायचे. इकडे फक्त भोकं आणि वायरी.

"बाई," ती म्हणाली, "आरसा हाय का?"

शुभदाबाईंनी पर्समधून पावडरच्या डबीतला गोल आरसा काढून दिला. बाहेर भैरू म्हणाला, "आता नटायला लागली." आबाजींनी त्याला हातानं खाली बसवलं.

कस्तुरानं आरसा बॉक्ससमोर धरला आणि त्यात पाहिलं. खाच उजवीकडे गेली. सगळी घरं आपापल्या जागी आली. अकरा वर्षांनी सासरचं माणूस माहेरी दिसावं तसं झालं.

"मी ह्याला कधी तोंडानं बघितलाच न्हाई, आबाजी. पाठीमागनंच बघितलाय रोज. माजं डावं ते ह्याचं उजवं."

तिनं आरशात डावीकडून तिसरं घर मोजलं, बोट ठेवलं, आणि आरसा खाली घेतला. बोट उजवीकडून तिसऱ्या घरावर होतं. तो फ्यूज उपसला. आतली तार तुटून काळी झाली होती.

आबाजींनी चहाचा कप खाली ठेवला. "हां. घाल आता तुजा नवा."

कस्तुराचा हात पदराच्या गाठीकडे गेला आणि तिथंच थांबला. घातला असता तर दिवे लागले असते. शार्दूलनंही तेच केलं होतं, दोनदा. आणि मग केव्हातरी तो उडाला असता, बहुतेक आबाजींच्या डोळ्यांदेखत.

"न्हाई घालत," ती म्हणाली. "आधी कुठं जळतंय ते बघते."

आबाजी उठून गाडीजवळ आले.

पुढून बॉक्स पाहणाऱ्याला फक्त फ्यूज दिसतात. कस्तुराला वायरी दिसत होत्या, कारण तिनं आयुष्यात फक्त त्याच पाहिल्या होत्या. तिसऱ्या घरातून निघते ती तांबडी वायर, वर काळी रेघ. सीटखालून मागे जाते. मागे तिचे तीन फाटे होतात: डावा दिवा, उजवा दिवा, आणि तिसरा वर चढून डिकीच्या झाकणात, नंबरप्लेटच्या दिव्याला. ती बोटं मोडत पुटपुटत होती. भैरूला वाटलं मंत्र म्हणतेय.

"बाई, ह्यो फ्यूज कधी कधी उडला? तारीख असंल तुमच्याकडं."

असं शुभदाबाईंना विचारणं म्हणजे विहिरीला पाणी आहे का विचारणं. त्यांनी पर्समधून चालू सालची डायरी काढली, चष्मा बदलला आणि खणखणीत आवाजात, एक शब्द न गाळता वाचायला सुरुवात केली.

"सतरा ऑक्टोबर. वसुबारस. दूध एक लिटर. संध्याकाळी नारळ पाच, पणत्या दोन डझन…"

"दूध बी लिवलंय," भैरू हळूच म्हणाला.

"…सर्व डिकीत ठेवले. परतताना चौकात पोलिसाने थांबवले… तेवीस ऑक्टोबर. भाऊबीज. चकली बिघडली. अंधार पडल्यावर शार्दूलकडे फराळाचे चार डबे डिकीतून नेले. मागचे दिवे बंद असल्याचे वॉचमनने सांगितले. सहा नोव्हेंबर. आंबेमोहोर तांदूळ दहा किलो. दुकानदाराने डिकीत ठेवला. सातच्या सुमारास दिवे पुन्हा गेले. दुधी मिळाला नाही."

"बास, बाई."

"दुधीचं पुढे आहे अजून."

"बास. डिकी." कस्तुरा गाडीतून उतरली होती. "तिन्ही येळंला दिवे लावलेले आन् डिकी उघडली. बंद असली का काय होत न्हाई."

ती मागे गेली. डिकीचं झाकण वर केलं. डाव्या बिजागरीशी अंगठ्याएवढी काळी रबरी नळी होती, गाडीतून निघून झाकणात शिरलेली. हिच्यातून वायरी ओढायला फळीवर पावडर लावावी लागायची, एवढी अरुंद. पुढच्या बाईच्या हाताला नेहमी पावडरचा वास यायचा. कस्तुरानं नळी हळूहळू मागे सरकवली. आत, नेमक्या वाकणावर, तांबड्या वायरीचं कातडं फाटलं होतं. अकरा वर्षं झाकण वर-खाली होऊन ते चिरलं होतं. झाकण पूर्ण वर गेलं की आतलं उघडं तांबं बिजागरीच्या लोखंडाला टेकायचं. खाली आलं की सुटायचं.

आबाजी वाकून बराच वेळ पाहत राहिले. चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं.

"तुज्याच कंपनीचं का हे?"

"माज्याच लाइनीचं."

"मग तूच केलेलं खराब."

"नळी मी न्हाई चढवायची," कस्तुरा म्हणाली. "ती पुढची."

पक्कड मात्र आबाजींनी स्वतः आणून दिली. तिनं खराब तुकडा कापला, नवा जोडला, वर रबरी आवरण चढवलं आणि टेप गुंडाळली. प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर अर्धा, जसा लाइनवर लागायचा. वाकणाला थोडी वायर सैल सोडली. मग जोड दोन्ही बाजूंनी धरून ओढून पाहिला. पदराची गाठ सोडली, पुढे गेली, लाल फ्यूज घरात ठेवला. ढकलला. खट झालं. ओढून पाहिला.

मागचे दिवे लागले.

"आता बघू," आबाजी म्हणाले. डिकीचं झाकण त्यांनी स्वतः धरलं आणि वर केलं, खाली केलं, वर केलं, खाली केलं. भैरू मोजायला लागला. कस्तुरा सीटवर बसून समोर पाहत होती. मागे वळून पाहायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. अकराला आबाजींना दम लागला. त्यांनी भैरूला झाकण धरायला लावलं. एकवीसला भैरू म्हणाला, "राव, आता बिजागरी तुटंल. दिवे न्हाई जायचे."

आबाजींनी हात पुसले. चहावाल्याला हाक मारून आणखी एक कप सांगितला.

"उद्या दहाला यायचं," ते कपाकडे पाहत म्हणाले. "डबा आपापला आनायचा. आन् आरसा बी आन, लागला तर."

"आता न्हाई लागनार," कस्तुरा म्हणाली. चहा तिनं उभ्यानंच घेतला.

परतताना शुभदाबाईंनी पहिल्या सिग्नलला गाडी थांबवली. कस्तुरा बोटांना लागलेला टेपचा चिकटा खरवडत होती.

"बाई, पोळ्यांचं काय करायचं? दहाच्या आत आले तर सकाळच्या…"

"नको. दोन्ही ओढाताण नको. मी करीन."

"तुमाला येतात?"

"एकोणीसशे शहात्तरमध्ये येत होत्या," शुभदाबाई म्हणाल्या. "नोंद आहे."

सिग्नल सुटला. त्यांनी कस्तुराला तिच्या गल्लीशी उतरवलं. कस्तुरानं दार लावलं, ओढून पाहिलं, आणि गाडी वळेपर्यंत मागच्या दिव्यांकडे बघत उभी राहिली. दोन्ही लागले होते.

त्या संध्याकाळी शुभदाबाईंनी डायरी उघडली. गाडी दुरुस्त झाल्याचं लिहिलं, फ्यूज एकच लागल्याचं लिहिलं, कस्तुरा उद्यापासून येणार नाही हे लिहिलं. मग खाली एक ओळ मोकळी सोडून लिहिलं:

रात्रीचा भात मी लावला. कुकरचे झाकण ओढून पाहिले.